परवानगी आणि भिंती: फाईल एकच

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आम्ही नवरा-बायको काही वर्षांपासून फ्रान्समध्ये तुलूझला नोकरी करतो. शहराच्या उत्तरेला, तार्न-ए-गारोन जिल्ह्यातल्या एका खेड्याबाहेर एक जुनं दगडी घर आम्हाला आवडलं आहे. राहता भाग ९५ चौरस मीटरचा. त्याला लागून १२० चौरस मीटरची ग्रांज, म्हणजे खाली गोठा आणि वर गवताचा माळा. घरात आम्ही राहायचं आणि ग्रांजमध्ये आई-बाबांसाठी खोल्या काढायच्या, असा बेत आहे. ठेकेदार म्हणतो, "आतलंच काम आहे, परवानगी कशाला? माळ्यावर डोक्याला लागणारी तुळई कापून वर घेऊ, खालची जमीन ४० सेंटिमीटर खणून कोबा करू, सहा महिन्यांत चावी देतो." गावच्या महापौरांनीही "काही अडचण येणार नाही" असं सांगितलं. नैऋत्येच्या कोपऱ्यात मात्र बोट जाईल एवढी भेग आहे आणि मागे मालकाने बिनपरवाना बांधलेली ३५ चौरस मीटरची शेड आहे. नवरा म्हणतो, दीडशे वर्षं उभं असलेलं घर आता कशाला पडेल? मला झोप लागत नाही. एजंट सही करायची घाई करतोय, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणतो. आधी घर घ्यावं की आधी परवानगी?

---

तुमची काळजी रास्त आहे. पत्रात तुम्ही तिचे दोन भाग केले आहेत: कागदाची काळजी एकीकडे, भेगेची दुसरीकडे. बहुतेक जण असेच करतात. कागद आर्किटेक्ट बघेल, भिंत गवंडी बघेल, असं धरून चालतात. फ्रान्सच्या खेड्यात, गावठाणाबाहेरच्या जुन्या इमारतीच्या बाबतीत ही वाटणी अंगाशी येते.

गावाचा विकास आराखडा, म्हणजे पीएलयू, जमिनीचे विभाग पाडतो. खेड्याबाहेरची जमीन बहुधा 'ए' म्हणजे शेतीच्या किंवा 'एन' म्हणजे निसर्गाच्या विभागात असते. शेतकरी नसलेल्या माणसाला तिथे नवं घर बांधता येत नाही. जे उभं आहे ते दुरुस्त करण्याची आणि काही अटींवर त्याचा वापर बदलण्याची तेवढी मुभा असते. म्हणजे ग्रांजची परवानगी मिळाली, तर ती उभ्या भिंतींच्या जोरावरच मिळते. नकाशावर "या भिंती राखणार" असं दाखवलेलं असतं. काम चालू असताना त्या कोसळल्या किंवा ठेकेदाराने "कच्च्या होत्या" म्हणून उतरवल्या, तर मंजूर झालेलं काम राहतच नाही. प्रशासनाच्या दृष्टीने ते नवं बांधकाम ठरतं आणि नव्या बांधकामाला त्या विभागात परवानगी नाही. हाती उरतो दगडांचा ढीग आणि अर्धं फिटलेलं कर्ज. तेव्हा भिंत किती पक्की आहे हा प्रश्न परवानगीच्या अर्जाआधी सुटला पाहिजे. आणि हे दोन्ही अंतिम खरेदीखताच्या आधी.

मग सही करायची की नाही? करता येईल, पण कशावर ते नीट बघा. फ्रान्समध्ये खरेदी दोन टप्प्यांत होते. आधी कॉम्प्रोमी द वाँत, म्हणजे साठेखत, आणि साधारण तीन महिन्यांनी नोतेरपुढे, म्हणजे खरेदीखत करणाऱ्या सरकारमान्य अधिकाऱ्यापुढे, अंतिम खत. साठेखतानंतर खरेदीदाराला कारण न देता माघार घ्यायला १० दिवस मिळतात. तुमच्यासाठी त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्यात घालता येणाऱ्या अटी. अमुक झालं नाही तर व्यवहार रद्द आणि बयाणा परत. कर्जाची अट सगळेच घालतात. तुम्ही आणखी तीन घालून घ्या: ग्रांजचं निवासात रूपांतर करण्याची परवानगी मिळणं आणि तिच्यावर हरकत न येणं, स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या अहवालात पाया किंवा भिंतींचं ठरावीक रकमेपेक्षा जास्त काम न निघणं, आणि मागच्या शेडचा निकाल. रक्कम आकड्यात लिहा. "गंभीर दोष" असे मोघम शब्द नंतर वादाला कारण होतात. स्वतःचा नोतेर नेमा. विक्रेत्याचा एक आणि तुमचा एक असला तरी नोतेरची फी दोघांत वाटली जाते, तुमच्यावर जादा बोजा पडत नाही.

## महापौरांचा शब्द

महापौर सद्भावनेनेच बोलले असतील. पण अर्जाची छाननी बहुतेक लहान गावांत तालुक्यासारख्या संयुक्त कार्यालयात होते आणि शेती विभागातल्या इमारतीचा वापर बदलायचा तर जिल्ह्याच्या शेतजमीन संरक्षण आयोगाची सहमती लागते. आयोगाने नाही म्हटलं तर महापौरांना हो म्हणता येत नाही. तोंडी शब्दाला कायद्यात वजन नाही.

वजन आहे ते सर्तिफिका द्युर्बानिझ्मला, म्हणजे जागेला लागू बांधकाम-नियम लेखी सांगणाऱ्या सरकारी प्रमाणपत्राला. याचे दोन प्रकार आहेत. पहिला नुसती माहिती देतो: विभाग कुठला, कर कुठले. दुसरा, 'ओपेरासिओनेल', तुमच्या ठरावीक बेताबद्दल उत्तर देतो: हे काम या जागी होऊ शकतं की नाही, पाणी-विजेची सोय पुरेशी आहे का. तुम्हाला दुसरा हवा. फॉर्मचा क्रमांक १३४१०, शुल्क नाही, उत्तराची मुदत २ महिने. अर्जदार मालक असण्याची गरज नाही, त्यामुळे साठेखताआधीही अर्ज टाकता येतो. होकार आला तर त्या दिवशीचे नियम तुमच्यासाठी १८ महिने गोठतात, मधे आराखडा बदलला तरी. अर्जात "घराची दुरुस्ती" एवढंच लिहू नका. लिहा: घराला लागून असलेल्या, १२० चौरस मीटर जमीन व्यापणाऱ्या ग्रांजचा वापर शेतीवरून निवासात बदलणं, दर्शनी भिंतीत इतक्या खिडक्या, सांडपाण्याची अशी सोय. सोबत जागेचा नकाशा आणि चारही बाजूंचे फोटो. प्रश्न जितका नेमका, तितकं उत्तर कामाचं.

त्याआधी घरबसल्या एक तपासणी होते. 'जेओपोर्ताय द ल्युर्बानिझ्म' या सरकारी संकेतस्थळावर गावाचा आराखडा उघडा आणि तुमची ग्रांज शोधा. शेती किंवा निसर्ग विभागात वापर बदलता येईल अशा इमारतींवर नकाशात चांदणी, ठिपका किंवा क्रमांक अशी खूण केलेली असते. सर्वसाधारणपणे खूण नसेल तर दार बंद आहे असं समजा. ते उघडायचा नेहमीचा मार्ग म्हणजे आराखड्यात दुरुस्ती, आणि ती गावाच्या सवडीने होते. गावाला पीएलयूच नसेल तर देशाचे सर्वसाधारण नियम लागू होतात आणि तिथे उभ्या इमारतीचा वापर बदलायला वाव थोडा जास्त असतो. खूण नसेल तर ग्रांजचा भाव कोठाराचाच द्या. विक्रेता "पुढे खोल्या निघतील" म्हणून जी किंमत लावतो ती हवेतली आहे.

## "आतलंच काम आहे"

तुमच्या ठेकेदाराचं हे म्हणणं चूक आहे. राहत्या घरातली फरशी, रंग, वायरिंग, भार न पेलणारी एखादी आतली भिंत यांना सहसा परवानगी लागत नाही, हे बरोबर. पण गोठ्याचं घर करणं हा वापरातला बदल आहे. त्याबरोबर भार पेलणारा सांगाडा किंवा बाहेरची दर्शनी बाजू बदलत असेल तर पूर्ण बांधकाम परवाना, म्हणजे पेर्मी द काँस्त्रुईर लागतो. तुळई कापणं म्हणजे सांगाडा बदलणं. शिवाय घर आणि ग्रांज मिळून कामानंतरचं क्षेत्रफळ १५० चौरस मीटरच्या वर जात असेल तर आर्किटेक्ट नेमणं कायद्याने सक्तीचं आहे. हे क्षेत्रफळ भिंतींच्या आतल्या कडेपासून मोजतात आणि १.८० मीटरपेक्षा कमी उंचीचा भाग त्यात धरत नाहीत. माळ्याच्या उतरत्या बाजू म्हणूनच गळतात. तरी तुमचा आकडा १५० च्या वर जाईल असंच दिसतं.

आता वेळेचा हिशेब. घरासाठीच्या परवान्याची छाननी २ महिन्यांची. आयोगाचं मत लागलं किंवा जवळ संरक्षित स्मारक असलं तर मुदत वाढते. अर्जात कागद कमी असतील तर पहिल्या महिन्यात कार्यालय ते मागवतं आणि घड्याळ पूर्ण फाईल मिळाल्यावर चालू होतं. परवाना मिळाला की रस्त्यावरून वाचता येईल असा, ८० सेंटिमीटरहून मोठा फलक जागेवर लावायचा. तिथून २ महिने शेजाऱ्यांना हरकत घेता येते. फलक लावल्याची नोंद 'कोमिसेर द ज्युस्तीस' या न्यायालयीन अधिकाऱ्याकडून तारखेसह करून घ्या, कारण फलक कधी लावला हे सिद्ध करता आलं नाही तर हरकतीची मुदत सुरूच झाली नाही असं ठरू शकतं. चुकीचा दिलेला परवाना प्रशासन स्वतःही ३ महिन्यांत मागे घेऊ शकतं. सर्टिफिकेट, नकाशे, छाननी, हरकतीची मुदत हे सगळं धरलं तर आठ ते दहा महिने जातात. साठेखतातल्या अटीची मुदत तेवढी ठेवा. सहा महिन्यांत चावी देणारा माणूस परवान्याशिवाय काम उरकण्याच्या तयारीत आहे. पकडलं गेलं तर दंडाचा बोजा मालकावर येतो. कायद्यात तो बेकायदा बांधलेल्या क्षेत्राच्या दर चौरस मीटरला ६,००० युरोपर्यंत जाऊ शकतो, आणि पाडून पूर्ववत करण्याचा आदेश त्याशिवाय.

मागच्या शेडकडे "जुनीच आहे, दहा वर्षं होऊन गेली" म्हणून काणाडोळा करू नका. दहा वर्षांनी माफी मिळते हे अर्धसत्य आहे. ज्या कामाला बांधकाम परवाना लागत होता आणि तो घेतलाच नाही, त्याला ती माफी नाही. शेती विभागात २० चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला परवाना लागतो. तुमची शेड ३५ ची आहे. १९८६ च्या 'तालामी' निकालापासून फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाची भूमिका अशी आहे की बेकायदा भाग असलेल्या इमारतीवर नवं काम करायचं तर अर्जात तो भागही कायदेशीर करून घ्यावा लागतो. शेड घराला किंवा ग्रांजला चिकटून असेल तर तिच्यापायी तुमचा अख्खा अर्ज अडेल. सोपा मार्ग: अंतिम खताआधी विक्रेत्याने स्वतःच्या खर्चाने ती पाडावी किंवा नियमित करून घ्यावी.

## जाडजूड अहवाल काय सांगत नाही

विक्रेत्याने दिलेला तपासण्यांचा गठ्ठा जाड असेल: ऊर्जा, शिसं, अॅस्बेस्टॉस, वीज, वाळवी, सांडपाणी, नैसर्गिक धोके. त्यावरून घराची तपासणी झाली असं वाटतं. पण यातला एकही अहवाल पाया, भिंती किंवा छपराच्या ताकदीबद्दल एक ओळ लिहीत नाही. फ्रान्समध्ये तशी तपासणी विक्रीसाठी सक्तीची नाही आणि खाजगी विक्रेता खतात "छुप्या दोषांची जबाबदारी माझी नाही" असं लिहून मोकळा होतो. तेव्हा स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर तुम्हीच बोलवायचा. तो ठेकेदाराच्या ओळखीतला नसावा आणि पुढचं काम मिळण्याची आशा असलेलाही नसावा.

गठ्ठ्यातले दोन कागद तेवढे बारकाईने वाचा. वाळवीचा अहवाल सहा महिन्यांच्या आतला आहे ना आणि त्यात "तपासता न आलेले भाग" या रकान्यात माळा लिहिलाय का. आणि धोक्यांच्या पत्रकात आधीच्या नैसर्गिक आपत्तीची भरपाई मिळाल्याची नोंद आहे का. दुष्काळाने तडे गेल्याबद्दल विम्याचे पैसे घेतले आणि दुरुस्ती केलीच नाही, असं घडतं.

## भेग

हे सगळं तुमच्या कोपऱ्याशी जोडलेलं आहे. तुलूझच्या आसपासची बरीच जमीन चिकणमातीची आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. २०२२ च्या दुष्काळासारख्या उन्हाळ्यात ती खोलवर सुकते आणि उथळ पायाचं घर एका कोपऱ्याने खचतं. 'जेओरिस्क' या सरकारी संकेतस्थळावर पत्ता टाकला की त्या जागी मातीचा हा धोका कमी, मध्यम की जास्त ते दिसतं. नैऋत्येचा कोपरा दुपारचं ऊन सगळ्यात जास्त खातो, तेव्हा भेग तिथेच असणं योगायोग नसावा.

"दीडशे वर्षं उभं आहे" हा तुमच्या नवऱ्याचा मुद्दा फोल नाही. पण घर त्या काळात ज्या परिस्थितीत उभं होतं ती बदलली का, हे विचारा. छपराचं पाणी पूर्वी कुठे पडायचं? कोपऱ्याजवळ नळाचा पाइप फुटलाय का? शेजारी लावलेलं झाड आता किती उंच झालंय? चिकणमातीत झाड घरापासून निदान स्वतःच्या पूर्ण उंचीइतकं लांब असावं. आणि जवळ असलं तरी एका दिवसात तोडू नका. मुळं पाणी ओढायची थांबली की माती उलट फुगते आणि भिंत वर उचलते. ते टप्प्याटप्प्याने, इंजिनिअरला विचारून.

फ्रान्समधले तज्ज्ञ २ मिलिमीटरच्या वरच्या भेगेला 'लेझार्द' म्हणतात. तुमच्या भेगेत बोट जातं, म्हणजे ती त्याच्या कितीतरी पुढे आहे. पुढच्या भेटीत तिची रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजा. वर रुंद आणि खाली बंद होत गेली असेल तर कोपरा बाहेर कलतोय. दगडांच्या सांध्यांतून जिन्यासारखी चढत असेल तर पाया असमान खचल्याचा संशय घ्या. आत धूळ, कोळ्याची जाळी, जुना चुना दिसला तर ती जुनी. कडा स्वच्छ, दगडाचा ताजा रंग दिसत असेल तर ती अजून चालती आहे. नवा गिलावा मारून बुजवलेली असेल आणि त्या गिलाव्यातूनच पुन्हा केसाएवढी रेघ उमटलेली असेल, तर उत्तर मिळालंच.

पण एका भेटीत मातीचा स्वभाव कळत नाही. चिकणमातीतली भेग उन्हाळ्याच्या शेवटी उघडते आणि पावसाळी हिवाळ्यात मिटते. म्हणून भेगेवर मोजपट्टीचं छोटं यंत्र, 'जोज' चिकटवून दर महिन्याला आकडा आणि फोटो नोंदवायचा. परवान्यासाठी लागणारे आठ-दहा महिने इथे कामी येतात. तेवढ्यात भिंतीचं जवळपास वर्षाचं चक्र दिसून जातं. साठेखतात विक्रेत्याकडून हे यंत्र लावायची आणि पायाजवळ खड्डे घेऊन बघायची लेखी मुभा घ्या. आकडा हलत राहिला तर मातीची 'जे-५' तपासणी करून घ्या, म्हणजे उभ्या इमारतीसाठीचं भूतांत्रिक निदान. खोलवर काँक्रीटचे बारीक खांब रोवून पाया टेकवायची वेळ आली तर खर्च दहा-वीस हजार युरोंच्या घरात सहज जातो आणि मोठ्या घरात त्याच्या कितीतरी पट. म्हणूनच अटीत रक्कम लिहायची.

## तुळई आणि खणलेली जमीन

ठेकेदाराच्या बेतातली ही दोन कामं भेगेपेक्षाही जास्त धोक्याची आहेत.

छपराच्या कैचीत दोन तिरपे वासे एकमेकांवर टेकलेले असतात. वरून वजन आलं की त्यांचे पाय बाहेर सरकू पाहतात. तळाची आडवी तुळई ते पाय बांधून ठेवते. तुमच्या ग्रांजवरची नळीची कौलं दर चौरस मीटरला ४० ते ६० किलो भरतात, म्हणजे १२० चौरस मीटरला सहा टनांच्या आसपास, लाकूड वेगळंच. तुळई कापून मीटरभर वर नेली की तिच्या खालच्या भागात वासे वाकतात आणि भिंतींच्या माथ्याला बाहेर ढकलतात. या भिंती ५०-६० सेंटिमीटर जाड दिसतात. पण आत त्या दोन पदरी असतात: बाहेरचा दगड, आतला दगड, मधे माती-चुन्यात घातलेली कपऱ्यांची भरणी. उभं वजन त्या निमूट पेलतात, आडवा दाब त्यांना सोसत नाही. त्याच दिवशी काही होत नाही आणि तिथेच माणूस फसतो. एक-दोन हिवाळ्यांनी छताच्या आणि भिंतीच्या मधे फट दिसू लागते, माथ्याजवळ आडवी भेग येते, भिंतीला पोट येतं.

डोकं आपटतं ही अडचण खरी आहे आणि तिला दुसरे मार्ग आहेत. कैच्या सहसा तीन-चार मीटर अंतराने असतात. खोल्यांच्या आडभिंती कैचीच्या ओळीतच घ्या. तुळई भिंतीत सामावते आणि दोन कैच्यांमधली मोकळी जागा खोलीला मिळते. दुसरा मार्ग, गोठ्याची उंची पुरेशी असेल तर माळ्याची जमीन खाली घेणं. हे करताना जुन्या माळ्याच्या तुळया भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवत असतात, म्हणून त्या काढण्याआधी नव्या बसवायच्या. तिसरा, तुळई खरोखरच वर न्यायची तर इंजिनिअरने काढलेल्या हिशेबाने, लोखंडी ताणसळी घालून. ठेकेदाराच्या अंदाजाने कधीच नाही.

जमीन खणण्याचं तसंच. जुन्या गोठ्याचा पाया जमिनीखाली ३०-४० सेंटिमीटरवर संपणं नवलाचं नाही. काही ठिकाणी पहिलाच मोठा दगड मातीवर ठेवलेला असतो. सलग ४० सेंटिमीटर खणलं की पाया उघडा पडतो, भरणीतली माती ओघळते आणि भिंत आत घसरते. भिंत गेली की परवानगीचं काय होतं ते वर आलंच आहे. आधी दोन ठिकाणी, एक भेगेच्या कोपऱ्याजवळ आणि एक समोरच्या भिंतीपाशी, ५० बाय ५० सेंटिमीटरचा खड्डा हाताने खणून पायाचा तळ कुठे आहे ते मोजा. त्या तळाच्या खाली जायचं असेल तर एक-एक मीटरच्या तुकड्यांत, एक सोडून एक, पाया खाली वाढवत न्यावा लागतो. आधीचा तुकडा घट्ट झाल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही. जायचं नसेल तर भिंतीलगत मातीचा उतार तसाच राखून मधला भाग थोडाच खोल करा.

शिवाय प्लास्टिक अंथरून वर काँक्रीटचा कोबा टाकला की जमिनीतली ओल वर यायची थांबते, पण नाहीशी होत नाही. ती कडेला सरकते आणि भिंतीत चढते. मग लोणा लागतो, गिलावा फुगतो, आणि ठेकेदार त्यावर सिमेंटचा थर सुचवतो. सिमेंटने ओल आत कोंडते, दगडांमधला मातीचा सांधा भिजून मऊ पडतो. त्याऐवजी दगडांचं कोरडं सोलिंग आणि त्यावर चुन्याचा कोबा करा. भिंतींना 'एनएचएल' नैसर्गिक जलचुन्याचा गिलावा तीन हातांत, पारा ५ अंशांच्या खाली किंवा ३० च्या वर असताना नाही. आतून उष्णतारोधन करायचं तर श्वास घेणारं, लाकडाच्या तंतूंचं किंवा हेंप-चुन्याचं. जुनं सिमेंट खरवडल्यावर भिंतीला वाळायला काही महिने द्या.

## उरलेलं

सांडपाण्याची टाकी खोल्यांच्या संख्येवर मोजतात. आई-बाबांच्या खोल्या वाढल्या की जुनी टाकी अपुरी पडते. स्पांक या स्थानिक सेवेचं मान्यतेचं पत्र परवान्याच्या अर्जालाच जोडावं लागतं. टाकी नियमबाह्य ठरलेली असेल तर खरेदीनंतर एका वर्षात ती बदलणं मालकाला बंधनकारक आहे. साधारण ८ ते १२ हजार युरो आत्ताच किमतीतून वजा करून बोला.

ठेकेदाराकडून 'देसेनाल' म्हणजे दहा वर्षांच्या हमीच्या विम्याचं प्रमाणपत्र काम सुरू होण्याआधी घ्या आणि त्यात कुठकुठली कामं लिहिली आहेत ते वाचा. गवंडीकामाचा विमा असलेला माणूस छपराच्या सुतारकामाला हात लावत असेल तर त्या कामाला संरक्षण नाही. विमा कंपनीला फोन करून प्रमाणपत्र चालू असल्याची खात्री करा. मालकाने घ्यायचा 'दोमाज-उव्राज', म्हणजे बांधकामातल्या गंभीर दोषांचा विमाही काम सुरू होण्याआधीच घ्यावा लागतो. तो नसेल तर दहा वर्षांत घर विकताना अडचण येते. करारात तसं लिहून काम ताब्यात घेतल्यानंतर वर्षभरापर्यंत कायद्याप्रमाणे ५ टक्के रक्कम राखून ठेवता येते, तेवढी ठेवाच.

इटली, स्पेन, पोर्तुगालमध्ये घर बघणाऱ्यांनी कागदांची नावं बदलून हाच क्रम धरावा. इटलीत नोंदणीतला नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम जुळतं का हे 'जेओमेत्रा'कडून, म्हणजे तिथल्या मोजणी तज्ज्ञाकडून तपासून घ्यावं. स्पेनमध्ये जमीन 'रुस्तिको' म्हणजे ग्रामीण वर्गातली असेल तर घराच्या वाढीवर कडक बंधनं असतात.

या आठवड्यात तुम्ही एवढं करा: नकाशावर ग्रांजची खूण शोधा, जेओरिस्कवर मातीचा धोका बघा, आणि १३४१० चा फॉर्म भरून मेरीत, म्हणजे महापौरांच्या कार्यालयात द्या. एजंटला कळवा की तीन अटींसह तुम्ही सही करायला तयार आहात. तो दुसरं गिऱ्हाईक पुढे करील. खरंच असेल तर तेही कधीतरी त्याच कोपऱ्यात बोट घालून बघणार आहे. विक्रेत्याने भिंतीजवळ खड्डा घेऊ द्यायलाच नकार दिला, तर नवऱ्याला हे उत्तर दाखवा आणि त्याच जिल्ह्यात दुसरं घर शोधायला लागा.